चाळीस ते साठ

टक्.
मग खालून गुरगुर. मग पुन्हा टक्.
लेम्पी कार्व्होनेन भांडी विसळता विसळता मोजते:
नऊ सेकंद. आठ. नऊ.
काल रात्री हे मोजणं झोपेतही चालू होतं.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, सरोवरापासून चार मैल आत,
तळघराच्या खिडकीवर बर्फ चढून बसलाय,
आणि विहीर म्हणजे अंगणात उभा एक लोखंडी पाइप,
टोपी घातलेला.
खाली एकशे चाळीस फूट खडक.
वाकून पाहावं, हाक मारून बघावी, असं त्यात काही नाही.

पुतण्या फोनवर म्हणाला, डुलुथहून,
पाणी आटलं असेल, काकू. नवी बोअर म्हणजे बारा हजार डॉलर.
त्यापेक्षा घरच विक.
तिने बरं म्हणून फोन ठेवला.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, हे खरंच;
पण आडात आहे की.
नळ सोडला की येतंय, दात शिवशिवतील इतकं गार.
बिघडलंय ते पोहऱ्याचं.

अकरा पायऱ्या, शेवटची ढिली.
पंपाचा खटका पाडून ती स्विचचं करडं झाकण उघडते.
दोन तांब्याचे ठिपके, मधे एक मुंगी,
जळून कोळसा झालेली.
ऊब शोधत आली असेल बिचारी, या थंडीत.
लेम्पी नखं घासायच्या कानशीने ठिपके साफ करते,
खटका चढवते, वाट बघते.
टक्. गुरगुर. टक्.
मुंगीचा दोष नव्हता. एक शंका फिटली, एवढंच.

काटा बघते.
चाळीसला पंप सुरू, साठला बंद,
मधली वाट त्याने निवांत चालायची असते.
आता तो चटका बसल्यासारखा वर जातो
आणि धपकन खाली.

मग टाकी. निळी, खांद्याएवढी.
मडकं घेताना वाजवावं तशी ती वाजवते बोटाच्या पेराने.
खाली: ठप्प.
मधे: ठप्प.
वर, जिथे नुसती हवा, जिथे पोकळ आवाज यायला हवा,
तिथेही ठप्प.

आणि टाकीच्या मागच्या अंगाला, टॉर्च फिरवताना,
रेइनोचं अक्षर, काळ्या मार्करचं:
ऑक्टोबर ११. ३८.
ऑक्टोबर १२. ३८.
ऑक्टोबर १३. ३५, हवा भरली.
अशा ओळी खाली खाली, ऑक्टोबर १९ पर्यंत.
त्याखाली निळा रंग.

दर शरदात तो सायकलचा पंप घेऊन खाली यायचा.
तिला वाटायचं, चोरून बिअर प्यायला जातो.
टाकीमागे हात घातला तर बाटल्यांची झाकणंही निघाली, चौदा.
म्हणजे दोन्ही खरं.

टाकीच्या डोक्यावर सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह.
नखाने दाबला. फुस्स व्हायला हवं होतं;
पाण्याची चिळकांडी उडाली, थेट चष्म्यावर.
आतली रबरी पिशवी फाटलेली.
पाणी काही दबत नाही. दबते ती हवा,
आणि तिच्या जिवावर पंप घटकाभर टेकतो.
हे तिला कुणी सांगितलं नव्हतं,
चष्मा पुसता पुसता कळलं.

जुनी टाकी रिकामी करायला अख्खी दुपार गेली.
नवी आली शेजारच्या ऑरिन ब्यूडुआंच्या घसरगाडीवरून,
आणि जिन्यात अडकली,
आणि ऑरिनने फ्रेंचमध्ये काय काय म्हटलं ते तिने ऐकलं नाही.
पाण्याआधी हवा: सायकलचा पंप,
गुडघ्याला गुडघा लावून, अडतीसपर्यंत.
मग खटका.

गुरगुर, बराच वेळ गुरगुर.
टक्.
आणि मग काहीच नाही.
वर नळ धो धो वाहतोय, तरी काहीच नाही.
ती ऐंशीपर्यंत मोजते, मग अंक विसरते.
मार्कर वाळलेला निघाला, म्हणून पेन्सिलने लिहिते:
जानेवारी. ३८.

संध्याकाळी पुतण्याचा फोन. किती लागले शेवटी?
तीनशे दहा डॉलर, ती म्हणते,
आणि एक मुंगी.