कलम सात

अनगोळ रोडवरच्या कार्यालयाचा वरचा मजला
लग्नसराई संपली की आम्हाला मिळतो, पंख्याच्या बिलासकट.
सहा टेबलं, हिरवं कापड,
थर्माकोलच्या टेकड्या, काड्यापेट्यांची खेडी,
आणि अंगठ्याएवढं सैन्य.
काही पार्सलने मागवलेलं, काही उद्यमबागेत
सुट्टीच्या दुपारी आम्हीच ओतलेलं,
साच्याची शिवण कानशीने घासून.

यंदा नियम बदलले.
पत्रक दोन भाषांत. मराठीत तेरा कलमं,
कन्नडमध्ये बारा. दानेश्वरीने बोट ठेवून दाखवलं
तेव्हा कळलं, आमची दोन आणि तीन
तिकडे एकाच वाक्यात बसली होती.
कुणी भांडलं नाही. जेवणं झाली होती.

रंग न दिलेला शिपाई आता चालणार नाही.
फासा टेबलाखाली गेला तर पुन्हा टाकायचा.
कडेवर ज्याचा पाया अर्धा बाहेर, तो बाहेर.
शीतल मगदूम म्हणाला, अर्धा कुठल्या बाजूने मोजायचा?
हसलो सगळे. मग जरा वेळ कुणीच बोललं नाही.
आणि कलम सात:
हल्ला पुकारण्याआधी टेप लावायला मुभा.

आजवर कसं होतं, आधी म्हणायचं 'पोचतो',
मग टेप.
नाही पोचला की शिपाई माळावर उघडा,
शत्रूपासून एका बोटावर.
त्या एका बोटावर मी नऊ वर्षं जिंकलो.
सव्वीस वर्षं लेथवर उभा आहे;
साडेअकरा इंच मला हाक मारल्यासारखे कळतात.
पोरं म्हणायची, काकांनी टेप गिळलीय की काय.

मतं घेतली तेव्हा भरमा हुंदरे
खिडकीत पाठमोरा होता,
गेटवर थांबलेल्या मालगाडीचे डबे मोजत.
वैशाखात फौंड्रीत ठिणगी उडाली.
डावा डोळा गेला. उरलेल्याला
रंग दिसतो, झेंडा दिसतो, शिपायाच्या मिशा दिसतात;
समोरचं किती समोर, तेवढं दिसत नाही.
चहा कपाशेजारी ओततो
आणि म्हणतो, बशीला पण तहान असते की.

दुरुस्तीच्या कारणापुढे मी लिहिलं:
वेळ वाचावा म्हणून.
हात वर झाले. माझा उशिरा, पण झाला.
विरोधात एक.
खिडकीतूनच, न वळता: 'आपल्याला नको. ब्याड.'
नोंद केली तशी.

दुसरी फेरी, टेबल चार, तो आणि मी.
माझे भालेकरी टेकडीखाली,
त्याचे घोडे ओढ्याच्या पलीकडे.
मध्ये टेप, पिवळी, गुंडाळलेली;
दोघांचाही हात तिच्याकडे जाईना.
पंच दानेश्वरी, गळ्यात शिट्टी, गालात चिंच.
भरमाने मान डावीकडे केली, मग उजवीकडे,
चिमणी आरशात बघते तशी.
'नऊ,' पुटपुटला. अजून पुकारलं नव्हतं.

दहा होते.
दहा, आणि वर केसभर.
घोड्यांची धाव दहाची.

मीच टेप उचलली, लावली,
आकडा मोठ्याने वाचला, केसभरासकट.
तो माझ्याकडे बघत राहिला,
म्हणजे माझ्या जरा बाजूला.
मग घोडे होते तिथेच ठेवले,
आणि चौथ्या डावाला त्याच घोड्यांनी
ओढ्याकाठून वळसा घालून मला कापून काढलं.
त्यानेही टेप नाही लावली, मीही नाही.

शिपाई डब्यात भरताना म्हणाला,
'लेका, पुढल्या वर्षी एक ओळ घाल.
डाव ज्याचा, टेप त्याची.
दुसऱ्याने हात लावायचा नाही.'

घातलीय. सात, पोटकलम एक.
मराठीत.
कन्नडचं दानेश्वरी करते म्हणाली होती,
तिची परीक्षा आहे.