निळं पाणी

स्वान्त्ये ब्रोडर्सन, वय त्रेचाळीस,
हुसुमच्या धक्क्यावर कोळंबीची जाळी विणते.
ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी म्हणाली,
"ती पिशवी मला आधी दाखवा."

असं कुणी मागत नाही.
लोक विचारतात व्रण केवढा राहील,
रजा किती, जिने कधी चढायचे.
मी भांडारातून मुदत संपलेली एक आणली,
पारदर्शक, घडी केली तर मुठीत मावेल अशी.

तिनं ती दिव्यासमोर धरली.
अंगठ्याच्या नखानं शिवण चाचपली
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग तोंडाला लावून फुंकर मारली.
"जाळ्याला भोकं लागतातच," म्हणाली,
"हिला एकही नको."

तिच्या मावशीचं मी फायलीत वाचलं होतं.
इमके.
तेव्हा पिशवी नव्हती.
गाठ साधी वाटली, बहुतेकदा साधीच असते,
फिरत्या पात्यानं पोटातल्या पोटात तिचे तुकडे केले
आणि बोटभर भोकातून बाहेर ओढले.
घरी तिसऱ्या दिवशी. सगळे खूश.
गाठीच्या आत दुसरंच काही दडलेलं,
त्यातला एखादा कण मागे राहिला असेल, राईएवढा.
सव्वा वर्षानं आतड्यावर उगवलं.
पेरलं कुणी, हे फायलीत नाही.

त्या वर्षी मी इथंच, कीलमध्येच होते,
याच मजल्यावर, पात्यांचे ट्रे लावत.
जुन्या रजिस्टरात माझ्या सह्या पुष्कळ आहेत.
मी तारीख ताडून पाहिली नाही.

सकाळी डॉक्टर थीसेननी गाठ सोडवली.
पिशवी आत गेली, छत्रीसारखी उलगडली,
ओटीपोटात आणखी एक ओटी.
गाठ तिच्यात घरंगळली,
तोंड बेंबीतून बाहेर काढलं
आणि कडा चिमटीत धरून मी उभी राहिले.
पातं आत फिरत होतं,
मांसाच्या लांब पट्ट्या येत होत्या, सफरचंदाच्या सालीसारख्या.
माझं लक्ष पात्याकडे नव्हतं, कडांकडे होतं.
तीनशे दहा ग्रॅम.
बाहेर काही सांडलं नाही.

नंतर रिकामी पिशवी सिंकवर टांगून
तिच्यात निळं पाणी भरलं.
नियम दोन मिनिटांचा.
तळाशी थेंब दिसला, पोटात धस्स झालं,
तो माझ्याच हातमोज्याचा.
मी पाच मिनिटं थांबले.
खालचा पांढरा कागद कोराच राहिला.

तपासणीचा अहवाल गुरुवारी येणार.
तोवर गाठीत काय होतं ते मला ठाऊक नाही,
डॉक्टरांनाही नाही.

दुपारी तिनं डोळे उघडले, ओठ कोरडे.
"गळली?"
"नाही."
"किती वेळ टांगलीत?"
"पाच मिनिटं."
"आम्ही रात्रभर टांगतो," पुटपुटली,
आणि पुन्हा झोपली.