मधली उशी

सातवा महिना. नोल्बेर्तो पलंगाच्या कडेला झोपतो,
इतका कडेला, की एक पाय रात्रभर जमिनीवर.
मध्ये उशी.
उशीचं नाव मी ठेवलंय, सासूबाई.

चिलोए बेटावरचं आमचं घर खांबांवर उभं, पाण्यात.
दिवसातून दोनदा भरती पलंगाखालून जाते,
फळ्यांना हात न लावता परतते.
तो म्हणतो, आपणही असंच राहू. बाळ येईपर्यंत.
मी म्हणते, मी काय नुकती रंगवलेली होडी आहे?

पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं.
आदल्या रात्री आम्ही जवळ होतो,
आणि त्यानं मनाशी एक हिशेब मांडला,
कुणालाही न दाखवता.
मला तो त्याच्या पाठीवर वाचता येतो.

तपासणीला गेलो तेव्हा त्यानं सगळं विचारलं:
लोहाच्या गोळ्या, वजन, होडीत बसू दे का, शिंपले चालतील का.
मग टोपी फिरवत बसला.
शेवटी मीच विचारलं.

दवाखान्यातली सुईण एदुविना
कागदावरून मान न उचलता म्हणाली,
"वार वर आहे. पिशवीचं तोंड मिटलेलं आहे.
रक्त दिसलं, पाणी गेलं, कळा आल्या
तर थांबायचं आणि तडक इथं यायचं.
नाहीतर तुमचं घर, तुमचा पलंग.
बाळ त्याच्या पाण्यात आहे, त्याला काही लागत नाही."
मग चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.
"आणि पहिलं तुझ्यामुळे गेलं नाही, पोरा."

हे मी विचारलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बटाट्याची शेतं संपेपर्यंत
तो बोलला नाही.
मग म्हणाला, या बसच्या इंजिनाचा आवाज बरा नाही.

रात्री त्यानं चुलीत लाकूड सरकवलं.
शिंपल्यांच्या दोरांनी सोललेले हात
कोमट पाण्यात कितीतरी वेळ धुतले.
सासूबाईंना उचलून खुर्चीत बसवलं,
भिंतीकडे तोंड करून.

मी कुशीवर, तो मागे,
पोट माझ्यापुढे, स्वतःचं बिऱ्हाड घेऊन.
"दुखतंय?" "नाही."
"आता?" "नाही रे."
"आता?"
"आता तू गप्प बस."

मध्येच बाळानं त्याच्या तळहातावर लाथ मारली.
तो थिजला. मग हसायला लागला,
असा, की पलंग करकरला
आणि शेजारच्या ओतिलियानं भिंत ठोकली.

बाकीचं सांगत नाही.
एवढंच, की पहाटे त्याचे दोन्ही पाय पांघरुणात होते,
बर्फासारखे गार, माझ्या पोटऱ्यांना चिकटलेले.
खाली पाणी ओसरलं होतं. चिखलात
कुणाची तरी होडी कुशीवर कलंडून पडली होती.