पाणी येतं ते वर

नाना अजून उजवं-डावं म्हणत नाहीत.
मीठ हवं असलं की, "ती वरच्या अंगाची बरणी दे."
फळी एकच, बरण्या एका रांगेत,
आणि शहर तर असं सपाट
की हातातून सुटलेली गोटी जागेवरच विचार करत बसते.

आई पाणीगेटची. पाच पिढ्या बडोद्यातल्या.
लग्नानंतर वर्षभर तिला कळेना,
हा माणूस कामाला निघताना "खाली जातो" का म्हणतो
नि मकरपुऱ्याहून सायकल हाकत आला की "वर आलो",
मधे चढ म्हणावा तर रेल्वेचा एक पूल.
मग एकदा गच्चीत कपडे वाळत घालता घालता
तिलाच उलगडलं:
विश्वामित्री येते तिकडं नानांचं वर,
जाते तिकडं खाली.
एवढ्या नकाशावर त्यांनी चाळीस वर्षं काढली.

हिरडमाळ मी दोनदा पाहिलं.
आईच्या पोटात असतानाचं धरलं, तर तीनदा.
आठवतं ते थोडकंच.
कारवीच्या कुडातून आत आलेल्या उजेडाच्या सुया,
चुलत्याच्या सदऱ्याला हिरड्याचा तुरट वास,
आणि धोंडाई आत्या,
डोक्यावर हंडा, उभा चढ,
बोलत बोलत चालली होती माझ्याशी.
मला हुंकार द्यायलाही दम पुरेना.
"पोरीच्या पोटऱ्या बघा, लोण्याच्या!"
सगळे हसले. मीही हसले.
रात्री गोधडीत हळूच दाबून पाहिल्या.

समाच्या सोसायटीत लोक तळमजल्यासाठी भांडले.
नानांनी तिसरा मागून घेतला.
लिफ्ट नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला,
हे आई अजून सांगते, रागानं.

वाघबारशीला ते पहाटे खिरीची वाटी घेऊन नदीवर जात.
तिकडं वाघोबाला ठेवत, गुरं राख म्हणून.
इथे गुरं नाहीत. वाघही नाही.
पुलाखाली गाळात मगर पडलेली,
कुणाचं काही देणं नसल्यासारखी.
"हिकडचा वाघ ह्योच. मानला म्हंजे झालं."
एका वर्षी मीही गेले होते मागे. विचारलं,
नाना, ती खीर खाते?
"वाघ तरी कधी खायचा? कुत्री खायची."
आणि तरी दोन्ही हात जोडून
बराच वेळ उभे राहिले.

परवा सयाजी हॉस्पिटलात गुडघे दाखवले.
डॉक्टर म्हणाले, आयुष्यात चढउतार फार झालेली दिसते.
नाना म्हणाले, चढ कुठं व्हता?
सपाटीनं खाल्ले.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी गोळ्यांची चिठ्ठी नीट घडी केली.

बाहेर रिक्षा मिळाली.
पाठीवर मोठ्या अक्षरात 'राठवा', खाली छोटा उदेपूर,
आरशाखाली पिठोऱ्याचा तांबडा घोडा.
समा म्हणायचं होतं मला.
तोंडातून गेलं, "काका, ऊपर लई लो."
जीभ चावली.
पण त्यानं काही विचारलं नाही.
पुलावरून एकदा पाण्याकडे पाहिलं
आणि रिक्षा नदीच्या उलट अंगाला वळवली.

फतेगंजला सिग्नलशी आरशातून म्हणाला,
कयुं गाम, दादा?
"हिरडमाळ," नाना म्हणाले,
जगाला ठाऊक असल्यासारखं.
त्यानं मान हलवली,
पलीकडच्याच डोंगरावर असल्यासारखी.
मग पुढे दोघं मोहाबद्दल बोलत राहिले,
नाना मराठीत, तो गुजरातीत,
यंदा फुलं कमी पडली म्हणून दोघंही हळहळले.
त्यातला एक तर गेली कित्येक वर्षं
मोहाच्या झाडाखाली गेलेला नाही.

जिन्याशी नाना थांबले.
अठ्ठेचाळीस पायऱ्या.
मी त्यांचा हात खांद्यावर घेतला, हंड्यासारखा,
आणि बोलायला लागले. काहीबाही.
भाजीचा भाव, शेजारची पोरगी, टाकीचं गळणं.
दुसऱ्या मजल्यावर धाप लागली.
तरी बोलणं तोडलं नाही.