एक आणि नऊ

गुलमंडीवर तेव्हा निकाल खडूनं लागायचा.
पेपरच्या ऑफिसाबाहेर दोन बाकांवर टेकवलेला फळा,
त्यावर पाच उभे रकाने –
औरंगाबाद, परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद.
जालना, लातूर, हिंगोली
अजून कुणाच्या ना कुणाच्या पोटात होते.

शिडीवर मोईन पेंटर.
एरवी दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी,
टॉकीजसाठी नटीचे दोन-दोन हात लांब ओठ.
निकालाच्या दिवशी मात्र नुसते आकडे.
शिडीखाली मी, अकरा वर्षांचा,
एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात खडूंचा खोका.
मजुरी एक रुपया, आणि रात्री पोटभर भजी.

आत ट्रंक कॉलवर चारठाणकर ओरडायचे,
"जोरात बोला! सतरा का सत्तर?
एकावर सात का साताखाली पूज्य?"
परभणी नुसती खरखरायची,
नांदेड तर डोहाच्या तळातून बोलल्यासारखं.
मग चिठ्ठी माझ्याकडं, माझ्याकडून शिडीवर,
आणि सगळी गर्दी एका मनगटाकडं बघायची.

चारच्या सुमाराला परभणीच्या रकान्यात, तिसऱ्या ओळीत,
गुरुलिंगअप्पा. अपक्ष. निशाणी शिडी.
समोरच्याचे १४,८७७ आधीच लागले होते.
मोईननं लिहिलं ११,४०२.
दुसऱ्या एकावर खडू मोडला,
शेपूट जराशी वळली.
एवढंच.

पण मोंढ्यातल्या हमालांनी नऊ वाचला.
अप्पांच्या गावचे ते, सकाळपासून बिनचहाचे उभे.
"एकोणीस हजार!"
हलगी कुठून आली कोण जाणे,
गुलाल मात्र दोन दिवसांपासून खिशातच होता.
एकानं दुसऱ्याला खांद्यावर घेतलं,
"चढली रे, शिडी चढली!"
मिठाईवाल्यानं पेढे उधारीवर दिले,
आणि मलाही एक मिळाला.

मी खालून म्हणालो, "चाचा, ते नऊ वाचायलेत."
मोईन वळला नाही.
"मैं तो एकच लिखा, बेटे,"
म्हणाला, आणि शिडी बीडकडं सरकवायला लावली.

बीडला त्या दिवशी फार वेळ लागला.
मी पेढा गालात धरून त्या एकाकडं बघत राहिलो.
बघता बघता
मलाही तो नऊ दिसायला लागला.

हलगी पैठण गेटाकडं वळली,
आवाज पार बारीक झाला,
तेव्हा मोईन उतरला. शिडी परत परभणीला लावली,
माझ्याकडचं फडकं बोटाला गुंडाळलं
आणि शेपूट तेवढी पुसून सरळ खाली ओढली.

दिवेलागणीला ते परत आले. कानांत, भुवयांत गुलाल.
त्यांच्यातल्या थोराड माणसानं
हवेतच बोटानं तो आकडा गिरवला. दोनदा.
मग हसला. कशाला, ते अजून कळलेलं नाही.
मोईननं विडीचा कट्टा पुढं केला.
पेढ्यांचे पैसे त्यांनी आठवडी हप्त्यानं फेडले म्हणतात.

आता नात फोन दाखवते.
आठ जिल्हे, सेहेचाळीस जागा,
बोट लावलं की जिल्हा रंगतो, आकडा आपोआप पालटतो.
कुणाच्या मनगटाकडं बघावं लागत नाही.
"आजोबा, तुमच्या वेळी चूक व्हायची का?"
मी म्हणतो, नाही. लिहिताना कधीच नाही.

त्या रात्री फळा पुसला तो मीच.
बादलीतलं पाणी दुधासारखं झालं,
निवडून आलेले, पडलेले, डिपॉझिट गेलेले
सगळे पिळून एकात एक.
नालीकडं निघालो तर मोईन म्हणाला, "उधर नको."
मग ऑफिसाच्या मागं,
कडुनिंबाच्या बुडाशी, सावकाश,
माती पीत गेली तसं तसं ओतलं.