डबा वाजत नाही

पुण्यात माझा वाढदिवस रात्री बारानंतर सुरू व्हायचा.
नाझनीन दार न वाजवता आत,
मागे शर्वरी, टोपी उलटी,
आणि डॉली, जी कधीच वेळेवर नसे,
ती तेवढ्या रात्री वेळेवर.
दोन स्कूटर, चौघी, बाणेरच्या पुलावर वारा तोंडात.
बनमस्क्यात खोचलेली मेणबत्ती.
वॉचमन म्हणायचा, मॅडम, इथं नाही,
म्हणून आम्ही जरा पुढं. तिथून हाकललं की आणखी पुढं.
पहाटे बिलाचे चार तुकडे,
डॉलीचा तुकडा उधार.
एकदा सिग्नलवर मी मोठ्यानं रडले, कारण आठवत नाही.
हिरवा दिवा तीनदा येऊन गेला,
कुणी गाडी हलवली नाही.

आता मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात डाकपाल.
तराजू, शिक्का, डुगणारी खुर्ची.
इथं रात्र साडेआठला कडी लावते.
त्यानंतर बाईमाणूस रस्त्यात दिसलं
की विचारतात, कोणाच्या घरी कोण आजारी?
फक्त भुलाबाईच्या महिन्यात
पोरी अंधारात घरोघर हिंडतात
आणि कोणी काही विचारत नाही.

चार ऑक्टोबरला दुपारची एसटी थांबली.
कंडक्टर खोकं धरून उतरला.
"डाकघराचं पार्सल हाये, पण डाकेनं नाही."
नाझनीनच्या फोननं तिला सांगून टाकलं होतं,
या भागात सेवा उपलब्ध नाही.
मग तिनं दारव्ह्याचा बेकरीवाला शोधला.
तिची हिंदी, त्याची वऱ्हाडी,
एक पौंडावर सौदा ठरला.
ऑक्टोबरचं ऊन, ड्रायव्हरच्या शेजारचं तापलेलं इंजिन;
क्रीम एका अंगाला कलंडलं होतं,
उशीवरून घसरलेल्या डोक्यासारखं.
अक्षरं शाबूत: हॅपी बर्थडे मंजुसा.
मी मंजूषा. चालेल.

त्याच संध्याकाळी खिरापत माझ्याकडे होती
आणि मी साफ विसरले होते.
केक स्टीलच्या डब्यात कोंबला.

गाणी झाली. डबा हातोहात फिरला.
गुंजननं कानाशी धरून हलवला.
"वाजत नाही वं."
"ओलं हाये म्हंजे."
"गोड का तिखट?"
गोड.
शिरा! नाही.
कोहळ्याचे बोंडं! नाही.
बासुंदी, साखरभात, नाही, नाही.
पंचफुलाबाई, वय पंच्याहत्तर, अजून पोरींत बसणारी,
झाकणाला नाक लावून म्हणाली,
"साबणाचा वास येते. आमाले साबण चारतं काय?"

हरलो म्हटल्यावरच झाकण उघडायचं, अशी रीत.
आठ डोकी वाकली.
गुंजन आठवीत, वाचायची घाई फार:
"मंजुसा कोण?"

पंचफुलाबाईनं मला पाटावर ओढलं.
"सांगाले तोंड नव्हतं?"
भुलाबाईपुढचाच दिवा उचलून ओवाळलं,
परत तिथंच ठेवला, जळता.
केक विळ्यावर कापला.
साबणवाली बाई दोनदा खाऊन बोटं चाटत होती.

"पुण्यात रात्री कुठं जात होत्या तुमी?"
पुलावर.
"नुसत्या पुलावर?"
हो.
"मंग आपल्याकडं बी हाये की पूल."

पुढचं घर राहूनच गेलं.
अडाणच्या पुलावर आम्ही नऊ जणी,
हाताला चिकट, पायात चपला कोणाच्या कोणाच्या.
पाणी खाली होतं, दिसत नव्हतं.
पंचफुलाबाई कठड्याला टेकून म्हणाली,
हा पूल झाल्यापासून ती इथं रात्री पहिल्यांदा आली,
अन् टोपली डोक्यावर नसताना तर केव्हाच नाही.
कोणाला काही बोलायचं सुचलं नाही.

टॉर्च आला. पोलीस पाटील, मोटारसायकल चालू ठेवून:
"कोण हाये तिकडं?"
"भुलाबाई हाये!" गुंजन ओरडली.
तो क्षणभर थांबला.
मग लाईट खाली करून निघून गेला.

बारा वाजता फोनमध्ये तिघी आल्या असाव्यात.
टॉवर आमच्या बाजूला नव्हता.

सकाळी शिक्क्यातला चार काढून पाच बसवला.
पहिलं पाकीट बँकेचं.
तारीख नीट उमटली, कडेला क्रीमचा डाग.
तसंच टाकलं थैलीत.