डब्ल्यू म्हणजे हिवाळा

गाडीचं पुस्तक दमट हवेनं मिटलेलं.
पान एकशे ब्याण्णव आणि त्र्याण्णव
एकमेकांना चिकटून बसलेली,
तेलाचा नंबर त्यांच्या मधोमध.
ब्लेडनं सोडवायला गेले तर
'पाच डब्ल्यू' एवढंच हाती आलं;
पुढे तीस की पन्नास, ते कागदाच्या सालीबरोबर गेलं.

जामसंड्याचा दुकानदार म्हणाला,
"जाडंच न्या मॅडम. जुनी गाडी.
वीस-पन्नास, इकडं सगळे तेच टाकतात."
आनंदवाडीच्या जेटीवर रामा तारी
पिग्मीचे पन्नास रुपये माझ्या हातावर ठेवत म्हणाला,
"माज्या होडयेक चाळीस नंबर. वीस वर्सां झाली.
तुज्या गाडयेक काय सोन्याचो गळो आसा?"

मी सगळ्यांचं ऐकून घेते.
दारोदार पैसे गोळा करणाऱ्या बाईला
ती सवय असते.

यासीन धोपावकरनं तेलाचं नावच काढलं नाही.
विचारलं, "दिवसातून किती वेळा बंद करता?"
मी बोटांवर मोजलं.
सलून, मेडिकल, बर्फाचा कारखाना,
आंब्याचं कॅनिंग, दोन बेकऱ्या, एस.टी.चं कँटीन,
किल्ल्याकडच्या चढावरची ती शिवणकामवाली...
एकतीस वेळा.
एकतीस वेळा किल्ली, आणि मध्ये
फार तर एका वाडीचं अंतर.

त्यानं झाकण काढून आतून दाखवलं:
सायीसारखं काहीतरी, पिवळट.
"ही कधी धड तापतच नाही.
पाण्याची वाफ आतच राहते.
तुम्ही किलोमीटर नका मोजू, महिने मोजा."

मग गेज ओढली, चिंधीनं पुसली, पुन्हा बुडवली,
चिमटीत थेंब घेऊन बोटं उघडमीट केली,
पाक एकतारी झाला का बघतात तशी.
"हे कुणी घातलं?"
"आधीच्या मालकानं असेल. दहिबावचे मास्तर."
"मास्तर हुशार. आत टॅपेट वाजतात.
जाड तेलात आवाज बुडतो,
गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही."

बाहेर कुणी पंक्चर काढत होतं.
मला आठवले मास्तर, चहाची बशी पुढे करत
"गाडी बघा कशी, एकदम गप्प" म्हणणारे.
आणि दाराच्या चौकटीत त्यांची बायको.
तीही.

यासीननं डबा फिरवून आकडे दाखवले. पाच, तीस.
"डब्ल्यू म्हणजे विंटर."
आम्ही दोघंही हसलो.
इथं कसला विंटर! पौषात चार पहाटा
मोहराला बऱ्या, म्हाताऱ्यांना कानटोपी, संपला.
"तरी तो आकडा तुमच्यासाठीच," तो म्हणाला.
"उभ्या गाडीत तेल खाली उतरतं.
किल्ली फिरवली की ते वर पोचेपर्यंत
लोखंड लोखंडाला घासतं.
पातळ असेल तर लवकर पोचतं."
थांबून म्हणाला, "एकतीस वेळा लवकर."

तीन लिटर आणि वर जरासं.
नवा फिल्टर, तळाच्या नटाला नवी वायसर.
जुनं तेल पत्र्याच्या डब्यात
कसलीच घाई नसल्यासारखं उतरत राहिलं.
त्याची धार बारीक होईस्तोवर
मी स्टुलावर बसून पावत्या जुळवल्या;
अकरा रुपये कमी भरत होते.

"आता आवाज येईल. घाबरू नका.
टॅपेट पुढच्या महिन्यात बसवू.
आधी ऐकू तर येऊ दे.
आणि रविवारी एकदा लांब न्या तिला, तापू दे."

रविवारी सड्यावरून नेली, काचा खाली करून.
टिक टिक टिक टिक,
शेजारघरी शिलाईचं मशीन चालावं तसा.
आधी वाटलं, बंद करावी, परत फिरावं.
मग काट्याकडे बघितलं: गाडी तापत होती,
पहिल्यांदा, अर्ध्यापर्यंत.

दहिबावच्या उताराला मी वेग कमी केला.
मास्तरांच्या अंगणात कुणी लाकडाच्या फळीवर
आमसुलं वाळत घालत होतं, पाठमोरं.
हॉर्न दिला नाही.
गाडी न्यूट्रलला घेतली
आणि तिला वाजू दिलं.